निराधारचा पगार चालू आहे, मुक्त विद्यापीठात नाव घातलं तर तो बंद होतो का?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, वय २९. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू वर्षागणिक कमजोर होत जातात. ७० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही आहे. बारावी आर्ट्सची परीक्षा दिली तेव्हा भिंतीला धरून चालत होते, आता व्हीलचेअर लागते. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जातात. आईला माझ्यामुळे घर सोडता येत नाही. संजय गांधी निराधार योजनेतून माझ्या खात्यावर पैसे येतात, त्यातच औषधं आणि फिजिओथेरपीचं भागतं.

आता मला बी.ए. करायचं आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. गावातल्या एका जाणत्या माणसाने वडिलांना सांगितलं की पोरीचं कॉलेजात नाव घातलं तर पगार बंद होईल, कारण शिकू शकते म्हणजे कामही करू शकते असं सरकार धरतं. ऑफिसात विचारलं तर टेबलावरच्या माणसाने "चालू आहे ते घ्या, कशाला नसती भानगड" एवढंच उत्तर दिलं. तेव्हापासून वडील फॉर्मचं नाव काढू देत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. महिन्याचे ठरलेले पैसे थांबले तर काय होतं हे आमच्या घराला चांगलं माहीत आहे.

कुणाला नक्की माहिती आहे का? शिवाय ऑफिसात आपणहून कळवावं की गप्प बसावं? आणखी एक, दीड पान लिहिलं की माझा हात पानावरून घसरून खाली येतो. परीक्षेचं काय करतात अशा वेळी?

विदर्भपुत्र

घे ना बाई ॲडमिशन. आमच्या यवतमाळकडे शिकल्यामुळे कोणाचा पगार बंद झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. जाणकार येतीलच, तोवर धागा वर ठेवतो.

अव्वलकारकून

रानजाई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं तहसीलमध्ये संजय गांधी शाखेतच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षण घेतलं म्हणून अनुदान बंद करा, अशी अट या योजनेत नाही. योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. अटी काय आहेत त्या वडिलांना वाचून दाखव. वय १८ ते ६५ च्या आत. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य. दिव्यांग असेल तर किमान ४० टक्के अपंगत्व. आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न: इतरांना २१ हजारांची मर्यादा आहे, दिव्यांगांना ५० हजारांची. अनुदान बंद होतं ते उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यावर, लाभार्थी राज्य सोडून गेल्यावर, कागद खोटे निघाल्यावर किंवा वारल्यावर. दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर थांबतं. यात कॉलेज कुठेच येत नाही.

"शिकू शकते म्हणजे काम करू शकते" हे तर्कट माणसांचं आहे, शासन निर्णयाचं नाही. तुझा लाभ ७० टक्के अपंगत्व आणि घरचं उत्पन्न या दोन गोष्टींवर उभा आहे. बी.ए.ला प्रवेश घेतल्याने त्यातलं काहीच बदलत नाही.

कळवावं का? कळवायचं बंधन नाही. पण लपवायचंही कारण नाही. कुणी विचारलं तर सरळ सांग. आणि तोंडी उत्तरावर समाधान नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक: "संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या दिव्यांग लाभार्थ्याने मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतल्यास अनुदान बंद करण्याची तरतूद कोणत्या शासन निर्णयात आहे, त्याची प्रत मिळावी." एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरतूदच नसल्याने प्रत मिळणार नाही, आणि हे त्यांना लेखी कळवावं लागेल. तो कागद वडिलांच्या हातात दे.

देवगिरी

काकांचा मान राखून लिहिते, पण कागद आणि व्यवहार यांत फार अंतर असतं. माझा मुलगा बौद्धिक अक्षम आहे. त्याला एका कार्यशाळेत घातलं, मेणबत्त्या आणि पाकिटं करायला शिकवतात. पगार नाही, नुसतं शिक्षण. कुणीतरी जाऊन सांगितलं की पोरगा कामाला जातो. त्याच सुमारास आमचं अनुदान काही महिने आलं नाही. मी खेटे घालत राहिले, कुणी धड बोलेना. इथे बसून "अट नाही" म्हणणं सोपं आहे. ज्या घरात पैसे थांबतात तिथे किराणावाला अट विचारत नाही.

रानजाई, तुझे वडील घाबरतात ते बरोबर आहे.

अव्वलकारकून

देवगिरीताई, तुमचा त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त एक विचारतो. पैसे परत सुरू झाले तेव्हा तुमच्याकडून कोणता कागद मागितला होता?

देवगिरी

उत्पन्नाचा दाखला. नवा काढून दिल्यावर सुरू झालं.

अव्वलकारकून

मग थांबलं होतं ते दाखल्यापायी. कार्यशाळेमुळे थांबवलं असतं तर नुसत्या दाखल्यावर परत सुरू झालं नसतं.

देवगिरी

असेल. पण मग तेवढं एक वाक्य मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? तुमचा दाखला जुना झाला, नवा आणा. एवढंच. ते न सांगितल्याने मी मुलाला महिनाभर कार्यशाळेत पाठवलं नाही. तो रोज सकाळी पिशवी घेऊन दाराशी उभा राहायचा. नियम माणसाला कळेल असा सांगणं हेही त्या टेबलाचंच काम आहे ना?

अव्वलकारकून

आहे. शंभर टक्के आहे. म्हणूनच सगळ्यांना सांगतो, जो कागद द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आणि हयातीचा, उत्पन्नाचा दाखला कधी दिला ते घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कोकणकन्या

मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं काम करते, म्हणून अभ्यासाच्या बाजूने लिहिते.

रानजाई, प्रवेश ऑनलाइन असतो. त्याआधी दोन क्रमांक तयार ठेव. एक एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरमधून निघतो. दुसरा डेब आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा क्रमांक, तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पोर्टलवर काढायचा. २०२४ पासून मुक्त आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला हा लागतोच, आणि आमच्याकडे निम्मी मुलं ऐनवेळी इथेच अडकतात, कारण आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. तुझं आधी तपासून घे. आधारवर नुसतं नाव असेल आणि मार्कशीटवर वडिलांचं नाव-आडनाव असेल तर आत्ताच दुरुस्त कर.

पुस्तकं मराठीत असतात आणि सोपी असतात. एकट्याने वाचणाऱ्या माणसासाठीच लिहिलेली आहेत. संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे तास, सहसा सुट्टीच्या दिवशी. तुला रोज यायची गरज नाही. पण प्रवेश घेतानाच केंद्र बघून घे. गावाजवळचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर असेल आणि तालुक्याचं तळमजल्यावर, तर तालुक्याचंच घे. परीक्षेची बैठकव्यवस्था तळमजल्यावर मिळावी असा अर्ज आधी दे, सर्टिफिकेटची प्रत जोडून. परीक्षेच्या दिवशी जिन्याखाली उभं राहून मागितलं तर सगळ्यांचीच धांदल होते.

प्रवेशअर्जात दिव्यांग हा रकाना न चुकता भर. लाजून किंवा पगाराच्या भीतीने तो रिकामा सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. मग परीक्षेला जादा वेळ मागायला येतात तेव्हा सिस्टीममध्ये नोंदच नसते.

विदर्भपुत्र

सर्टिफिकेटवर सत्तर टक्के आहेतच, आता बी.ए.ला पण सत्तर आण. पार्टी मी देतो, तर्रीपोहे.

रानजाई

विदर्भपुत्र दादा, वाचून आई हसली. पार्टी पक्की धरते.

काका, कोकणकन्याताई, खूप आभार. आधार आणि मार्कशीट काढून बघितलं, माझ्या नावात खरंच फरक आहे. देवगिरीताई, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. आता जातो का तो?

देवगिरी

जातो गं. मागच्या दिवाळीत त्याने केलेल्या पणत्याच लावल्या.

पांढरीकाठी

परीक्षेच्या प्रश्नावर मी लिहितो. मी पूर्ण अंध आहे, सोलापूरचा. दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, पुढे इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुण्याच्या विभागीय केंद्राखाली होतो. तिथे गृहपाठाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असायचा. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. गृहपाठ नीट केले की निम्मी भीती जाते.

लेखनिक म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणारा माणूस, त्याबद्दल नीट समजून घे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी या तीन प्रकारांत लेखनिक मागितला की द्यावाच लागतो. बाकीच्यांना शासकीय रुग्णालयाचं एक ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, की या व्यक्तीला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे आणि लेखनिकाची गरज आहे. त्यावर सिव्हिल सर्जनची सही हवी. तुझ्या सर्टिफिकेटवर नुसता आजार लिहिला असेल आणि हातांचा उल्लेख नसेल, तर हे प्रमाणपत्र आत्ताच काढायला घे.

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक. लेखनिक न घेता स्वतः लिहिलंस तरी तुला तो मिळतो. काही केंद्रांवर पर्यवेक्षकाला हे माहीत नसतं. मी सूचनांची प्रिंट खिशात ठेवूनच जायचो. एका पेपरला वेळ संपल्याची घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका ओढायला लागले, तेव्हा तीच प्रिंट पुढे केली आणि बसून राहिलो.

सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकालही माहीत असू दे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की तरीही लेखनिक नाकारता येणार नाही. तू तर ७० टक्क्यांत आहेस.

गोदातीर

पांढरीकाठी, अवांतर विचारतो, पण अभ्यास कसा केलात? माझ्या मामेबहिणीची नजर चालली आहे, तिलाही शिकायचं आहे.

पांढरीकाठी

एनव्हीडीए म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवतं. मराठीही वाचतं. आवाज यांत्रिक आहे, पण आठवड्याभरात कान सरावतो. फोनवर टॉकबॅक. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर फुकट मिळतात. मात्र पीडीएफ खरा मजकूर असलेला हवा. नुसतं पानाचं चित्र असेल तर त्यातून अक्षरं काढावी लागतात, आणि तिथे जोडाक्षरांची वाट लागते. इतिहासाच्या एका पुस्तकात "राष्ट्र" हा शब्द मला पानोपानी "राष" "ट" असा तुटून ऐकू यायचा. बहीण संध्याकाळी बसून दुरुस्त करायची.

सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी. तिथे नोंदणी करायला सांगा. आणि नजर पूर्ण जायच्या आत तिला कीबोर्डवर हात बसवायला सांगा, बघून शिकलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये असतो. धागा वाचून चकित झालो, कारण हीच भीती मी माझ्या घरात पाहिली. बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तिने इथल्या ओपन युनिव्हर्सिटीत नाव घालायचं ठरवलं. हे विद्यापीठ १९६९ सालचं, मिल्टन कीन्समध्ये आहे. ओळखीच्या सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. अभ्यास करतेस हे कळलं तर फेरतपासणीला बोलावतील आणि भत्ता काढून घेतील.

तिला मिळतो त्या भत्त्याचं नाव पीआयपी. तो उत्पन्न बघून देत नाहीत. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, चालणं यांत किती अडचण आहे यावर ठरतो. शिकलं म्हणून जात नाही, नोकरी केली म्हणूनही जात नाही. इथे उत्पन्नावर अवलंबून असलेला युनिव्हर्सल क्रेडिट वेगळा. त्यात पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बरीच बंधनं आहेत, आणि काम करण्याची क्षमता मर्यादित असल्याचा निर्णय कोर्स सुरू होण्याआधी झालेला असावा लागतो. क्रम चुकला तर अडकतं. शिकण्यासाठी लागणारी साधनं, टिपणं काढून देणारा माणूस वगैरेंसाठी दिव्यांग विद्यार्थ्यांचा भत्ता वेगळा मिळतो.

विदर्भपुत्र

लेस्टरकर, माहिती चांगली आहे, पण रानजाईला तिकडचं काय कामाचं?

अव्वलकारकून

थेट कामाचं नाही, पण फरक समजण्यासारखा आहे. तिकडचा तो भत्ता अपंगत्वामुळे जो जादा खर्च होतो त्यासाठी आहे. आपलं अनुदान निराधार म्हणून आहे, गरिबीसाठी. म्हणून आपल्याकडे पहिला प्रश्न उत्पन्नाचा. रानजाईच्या वडिलांची मजुरी थोडी वाढली म्हणून तिची औषधं स्वस्त होत नाहीत, पण अनुदान जाऊ शकतं. ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये झाले, सगळ्या घराचे मिळून. ही मर्यादा वाढायला हवी, हे मी नोकरीत असतानाही वरच्यांना सांगत होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ वाचा. दिव्यांगांना मिळणारं सहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावं, असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडे कित्येक वर्षं सगळ्यांना सारखेच पैसे मिळत होते, २०२३ च्या वाढीनंतरही सगळ्यांना १,५०० च. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले तेव्हा कुठे कायद्याची बूज राखली गेली.

सह्यवारा

सगळं वाचलं. जरा कटू वाटेल, पण विचारतो. बी.ए. करून पुढे काय? दूरशिक्षणाच्या पदवीला कोण विचारतं? त्यापेक्षा टायपिंग, डीटीपी, टॅली असं काही शिकली तर घरबसल्या चार पैसे मिळतील.

कोकणकन्या

यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त आणि दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. एमपीएससीला, बँकेला, एम.ए.ला चालते. कायदा, फार्मसी, फिजिओथेरपी असे काही अभ्यासक्रम दूरशिक्षणातून होत नाहीत, तेवढं लक्षात ठेवायचं. आमच्या केंद्रातून पदवी घेतलेल्या दोघी आज सरकारी नोकरीत आहेत.

पांढरीकाठी

मी आज बँकेत आहे ते त्याच पदवीवर. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही अस्थिव्यंगाच्या गटात येते, त्या गटाला त्यातला १ टक्का. पण बहुतेक जागांच्या अर्जालाच पदवी लागते. पदवी नसेल तर आरक्षण असून नसल्यासारखं.

रानजाई

सह्यवारा, तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत हे कळतं, म्हणून मनापासून उत्तर देते.

डीटीपी शिकायला दिवसभर हात चालावे लागतात. माझे हात दरवर्षी थोडे कमी चालतात. वाचणं आणि विचार करणं मला शेवटपर्यंत जमणार आहे, म्हणून मला त्यातलं शिकायचं आहे. बारावीनंतर दहा वर्षं मी घरात जे छापील दिसेल ते वाचलं. द्राक्षाच्या पेट्यांत तळाला घालतात ती रद्दीसुद्धा. पण काय वाचावं, एकातून दुसऱ्याकडे कसं जावं, हे सांगणारं कुणी नाही. आमच्या भागात पेशवाईतल्या बारवा आहेत, जुनी देवळं आहेत. त्यांच्याबद्दल गावात जो तो वेगळं सांगतो. खरं काय ते शोधायचं कसं, हे मला शिकायचं आहे. नोकरी लागली तर उत्तमच. नाही लागली तरी मला बी.ए. करायचंच आहे.

आणि शिकणाऱ्या प्रत्येक धडधाकट मुलीला "पुढे काय" असं पहिल्याच दिवशी कुणी विचारत नाही.

सह्यवारा

पटलं. शुभेच्छा मनापासून. बारवांचं काही सापडलं तर इथे नक्की लिही.

देवगिरी

रानजाई, आता मी तुझ्या बाजूने आहे. पण नोकरीचा विषय निघाला म्हणून खरी अडचण सांगते, ती शिकण्यात नाही, शिकून झाल्यावर आहे. आमच्या गल्लीतला एक पोलिओ झालेला मुलगा. पदवी घेतली, कंत्राटी डेटा एंट्रीचं काम लागलं, महिना ९ हजार. उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, अनुदान बंद झालं. ठीक आहे, नियमच आहे. पण कंत्राट संपलं आणि काम गेलं. परत अर्ज, परत सगळे दाखले, परत अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक लागेपर्यंत वाट. मधल्या काळात ना पगार ना अनुदान. आता तो कंत्राटी कामाला जायलाच तयार नाही.

पांढरीकाठी

ही मात्र खरी गोम आहे. माझी नोकरी कायम होती, म्हणून मी स्वतः लेखी अर्ज देऊन अनुदान बंद करून घेतलं आणि पोच घेतली. पुढे वसुलीची नोटीस नको. कंत्राटीवाल्याला हे धाडस कसं होणार? काम गेलं तर जुन्याच मंजुरीवर अनुदान पुन्हा सुरू व्हावं, अशी सोय असायला हवी. आमच्या संघटनेने तसं निवेदन दिलं आहे.

अव्वलकारकून

निवेदनाची एक प्रत दिव्यांग कल्याण विभागालाही द्या. डिसेंबर २०२२ पासून हा स्वतंत्र विभाग आहे. अनुदानाची योजना सामाजिक न्याय विभागाकडे, अंमल महसूलकडे आणि दिव्यांगांचे प्रश्न तिसरीकडे. तिघांनाही दिलं नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

गोदातीर

रानजाई, जाण्यायेण्याचं काय करणार आहेस? एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के मिळते. आईला बरोबर नेता येईल.

रानजाई

दादा, सवलत माहीत आहे. पण एसटीच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत, दोघांनी उचलून चढवावं लागतं आणि मला ते नको वाटतं. परीक्षेच्या दिवसांपुरती गावातल्या रिक्षावाल्या मामांशी बोलून ठेवणार आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो ना? त्यातून प्रवासाला काही मिळेल का, असा अर्ज ग्रामसेवकांकडे द्यायचं डोक्यात आहे.

कोकणकन्या

जरूर दे. आणि वडील काय म्हणतात आता?

रानजाई

काल रात्री हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. काकांनी सांगितलेल्या अटी दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "लेखी येऊ दे, मग भर फॉर्म." माहिती अधिकाराचा अर्ज आज स्टॅम्प लावून त्यांच्याकडेच दिला आहे. ते स्वतः जाऊन देणार आहेत आणि पोच घेणार आहेत. तोवर आधारच्या नावाची दुरुस्ती करून घेते. सिव्हिलला लेखनिकाच्या प्रमाणपत्रासाठी पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं आहे.

काका, उत्तर यायच्या आत प्रवेशाची मुदत संपली तर?

अव्वलकारकून

मुदत जवळ आली तर थांबू नकोस, फॉर्म भर. वडिलांना माझं नाव सांग. माझा नंबर तुला व्यक्तिगत निरोपात पाठवतो. हवं तर मी त्यांच्याशी बोलतो.

कोकणकन्या

आणि लेखनिक आत्तापासून शोध. लेखनिकाचं शिक्षण तुझ्यापेक्षा एक पायरी खालचं लागतं. तू पदवीला बसणार, म्हणजे पदवीधर चालणार नाही. अकरावी-बारावीतली, अक्षर बरं असलेली मुलगी बघ आणि परीक्षेआधी तिच्याबरोबर दोन-तीन जुने पेपर वेळ लावून सोडव. सांगायचं आणि लिहायचं, दोघींचा वेग जुळायला वेळ लागतो.

गोदातीर

माझी पुतणी यंदा अकरावीला गेली, नाशिकमध्येच असते. अक्षर सुंदर आहे. रविवारी तिच्याशी बोलतो आणि इथेच कळवतो.